मानीबाईले ठेवाचं कुठं

न्हाणीत मानीबाई घसरली तेव्हा धावजी राठोड तिच्या पाठीवर पाणी घालत होता. तिला धरायला तो वाकला आणि दोघंही खाली आले. कमरेत अशी कळ गेली की हात टेकूनही त्याला उठता येईना. मानीबाई मात्र ओल्या फरशीवर पडल्या पडल्या हसत होती. तिला वाटलं, काहीतरी खेळ चाललाय. शेजारची सुखीबाई ताक घेऊन आली तेव्हा दोघं तशीच पडलेली. तिनं आधी मानीबाईच्या अंगावर लुगडं टाकलं आणि मग तांड्यातल्या बाया बोलावून दोघांना उचलून आत नेलं.

धावजीच्यानं आता हे होत नाही, असं त्या दिवसापासून तांड्यात सगळे म्हणू लागले. धावजीला ते त्यांच्या आधीपासून ठाऊक होतं.

बोरी अरबजवळच्या या तांड्यात मानीबाई नवी नवरी म्हणून आली तेव्हा तिला गोरबोलीशिवाय, म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीशिवाय, काही येत नव्हतं. मराठी ती निंदायला जाता जाता शिकली, आणि अशी शिकली की बोरीच्या बाजारात भाजीवाले तिला पाहून भाव आधीच कमी करून सांगत. विसरायला लागली तेव्हा पहिल्यांदा माणसांची नावं गेली, मग चुलीवरचं दूध, मग मराठी. उशिरा आलेली भाषा आधी निघून गेली. दारव्ह्याचा डॉक्टर काही विचारायचा आणि ही धावजीच्या तोंडाकडे पाहत राहायची. धावजीलाही ती नवरा म्हणून ओळखत नव्हती. ‘भिया’ म्हणायची त्याला. माहेराहून भाऊ न्यायला आलाय, अशी तिची समजूत होती. दिवसातून कितीदा तरी ती विचारायची, भिया, निघायचं कधी?

एकुलता एक मुलगा बादल राजूरला कोळशाचा ट्रक चालवत होता. त्याची बायको वर्षा तिथल्याच एका वसतिगृहात स्वयंपाकाला जायची. त्यांनी मानीबाईला एकदा नेऊन ठेवलं होतं. डोळ्याला डोळा लागला तेवढ्यात ती दार उघडून रस्त्यावर गेली आणि भरल्या ट्रकांच्या मधोमध उभी राहिली. त्यानंतर बादलच्या मनातली भीती गेली नाही. बापाच्या पडण्याचं कळलं तसा तो सुट्टी काढून आला आणि यवतमाळच्या एका केंद्राचं त्यानं सांगितलं. अशाच म्हाताऱ्या माणसांना ठेवून घेतात, नर्स असते, रात्री जागणारं माणूस असतं.

धावजीनं दुखऱ्या कमरेमागे उशी सरकवून घेतली. मग म्हणाला, “बैल घ्याचा तं माणूस चार ठिकाणी विचारते. सोयरीक कराची तं गावभर विचारते. ज्याहिनं आपली माणसं तिथं ठेवली त्याहिले मले विचारू दे आधी.”

सुखीबाईची बहीण जमनाबाई दिग्रसकडच्या तांड्यात राहायची. तिचा सासरा वेगळ्याच, दुसऱ्या जिल्ह्यातल्या वृद्धाश्रमात होता. तिनं फोनवर सांगितलं की म्हातारा थंडी वाजते म्हणून गोरबोलीत ओरडायचा आणि तिथल्यांना वाटायचं, हा शिव्या देतोय. मग कोणी त्याच्याजवळ जायचंच नाही. दोन महिने काढले आणि गेला. धावजीनं ऐकून घेतलं, फोन ठेवला, आणि त्या दिवशी त्याला भाकर गेली नाही.

यवतमाळच्या त्याच केंद्रात आई ठेवलेलं माणूस नेरला होतं. सदाशिवराव त्यांचं नाव. घरची शेती, अंगणात सोयाबीनचे पोते रचलेले. धावजीला त्यांनी आदरानं खुर्ची दिली आणि मन मोकळं करून बोलले. माय तिथं दीड वर्ष होती. औषधाची गोळी कधी चुकली नाही. अंग तापलं की फोन यायचा. गेली तेव्हा पाठीवर एक जखम नव्हती.

“आम्ही घरी थकून गेलतो हो,” ते म्हणाले. “मी नुसता तिचं धुणारा होऊन बसलो होतो. तिथं ठेवल्यावर पुन्हा तिचा पोरगा झालो. जवळ बसून बोलाले वेळ भेटे.”

हे वाक्य घेऊन धावजी बसमध्ये बसला. कितीतरी दिवसांनी त्याला खिडकीबाहेरची तूर दिसली, फुलावर आलेली. उतरल्या उतरल्या त्यानं बादलला सांगून टाकलं की चांगलं आहे, करू.

पण सदाशिवरावांची बहीण बेबीताई बोरीतच दिलेली होती, आणि तिचं घर बाजाराच्या वाटेवर होतं. एका घरचं दोघांकडून ऐकलेलं बरं म्हणून धावजी तिच्या दारात थांबला. बेबीताई सुपात तांदूळ पाखडत होत्या. त्यानं विचारलं तसे त्यांचे हात थांबले.

“दादानं चांगलंच सांगतलं असंन,” त्या म्हणाल्या. “तो फोन करून जाये. मी एकदा न सांगता गेलती. मायले खुर्चीले बांधलं होतं, भाऊ. कमरेले ओढणी, मांगं गाठ. लुगडं ओलं. तिनं मले ओळखलं अन् मान खाली घातली.”

त्या पुन्हा पाखडायला लागल्या. भावाच्या घरचं पाणी तेव्हापासून आपण प्यायलो नाही, असं त्यांनी सुपाकडे पाहतच सांगितलं.

धावजी घरी आला. दाराची बाहेरची कडी काढली. मानीबाई भिंतीला टेकून बसली होती. त्यानं तिला जेवू घातलं, पण मन ठिकाणावर नव्हतं. दोघांपैकी एक खोटं बोलतंय, एवढंच त्याला कळत होतं. सदाशिवराव सभ्य माणूस. बेबीताईंना खोटं बोलून काय मिळणार? तो वावरात कापूस वेचायला गेला तरी तेच. शेवटी मानीबाईला सुखीबाईच्या ओसरीवर बसवून तो पुन्हा नेरला गेला.

या वेळी त्यानं खुर्चीवर बसायच्या आधीच विचारलं, “भाऊ, मायले बांधत होते का?”

सदाशिवराव आत पाहू लागले. बायको ऐकतेय का, ते बघितलं असावं. मग हळू आवाजात म्हणाले, “बांधत होते. मीच सांगतलं होतं. उठे अन् पडे. एकदा हात मोडला, मंग डोकं फुटलं. त्याहिनं मले विचारलं, काय कराचं? मी म्हटलं, बांधा.”

“ताईले सांगतलं नाई?”

“सांगून काय होणार होतं. तिनं पाह्यलं ते पाह्यलंच.” थोडं थांबून त्यांनी विचारलं, “तुम्ही वावरात जाता तवा बाईजवळ कोण राह्यते?”

“कोणी नाई. कडी लावून जातो.”

“भायेरून?”

“भायेरून.”

चहा आला, दोघांनी बशीत ओतून प्यायला. निघताना सदाशिवराव बस स्टँडपर्यंत सोबत आले आणि बस सुटेस्तोवर उभे राहिले.

खोटं कोणीच बोललं नव्हतं. धावजीला हेच जड गेलं. एक जण खोटारडा निघाला असता तर दुसऱ्याच्या बोलण्यावर मान डोलवून मोकळं होता आलं असतं. आता दोघांचंही खरं धरून चालायचं होतं, आणि त्यात आपल्या कडीचंही.

दिवाळी झाल्यावर तो, बादल आणि वर्षा यवतमाळला जाऊन पाहून आले. दोन जागा पाहिल्या. एक नवी होती, चकचकीत फरशी, पुढं बाग, टीव्ही. वर्षाच्या वसतिगृहातल्या बाईचे वडील तिथं होते आणि मजेत होते. वर्षाला ती फार आवडली. सदाशिवरावांची आई जिथं होती ती जागा जुनी होती. भिंतींना ओल होती आणि व्हरांड्यात फिनाईलचा वास. केंद्र चालवणाऱ्या मॅडमना धावजीनं पहिलाच प्रश्न बांधण्याचा विचारला. बादलला अवघडल्यासारखं झालं. पण मॅडम रागावल्या नाहीत. शक्यतो बांधत नाही, म्हणाल्या, पण रात्रीला माणसं कमी असतात, आणि पडायला लागल्या तर आम्ही तुम्हालाच विचारू.

मग धावजीनं विचारलं की गोरबोली कोणाला येते का. मॅडमनी संगीताला हाक मारली. संगीता तिथं आयाचं काम करायची. पुसदकडच्या तांड्यातली. ती हात पुसत आली आणि गोरबोलीतच विचारलं, काका, तांडा कोणता? धावजीनं तांडा सांगितला, मग मानीबाईचंही सगळं तिलाच सांगत बसला.

वर्षानं परतीच्या वाटेवर नव्या जागेचं पुन्हा काढलं. तिचंही चुकत नव्हतं. पण नव्या जागेत मानीबाईचं बोलणं समजणारं एकही माणूस नव्हतं, आणि जमनाबाईचा सासरा धावजीच्या कानात ओरडत होता. त्यानं जुनी जागा धरली.

ज्या दिवशी नेलं त्या दिवशी मानीबाई खुशीत होती. जीपमध्ये बसायला मिळालं, भाऊ सोबत, माहेरी निघालो, असं तिला वाटत होतं. केंद्रात प्रेरणा नावाच्या नर्सनं तिला तपासलं आणि अडखळत म्हणाली की दंडातला चुडा काढावा लागेल. खालची कातडी सोलवटली होती, तिथं पू धरला होता. पट्टी करायची तर हात मोकळा हवा.

बादल एकदम नाही म्हणाला. तांड्यात बाईच्या दंडातला चुडा नवरा मेला की उतरतो. प्रेरणाला ते संगीतानं समजावून सांगितलं. ती बिचारी मागं सरली, पण जखम तर दिसतच होती. धावजीनं साबण मागितला. मुलाला आणि सुनेला बाहेर जायला सांगितलं. मानीबाईनं लहान मुलीसारखा हात पुढे केला. तो साबण लावून एकेक कडं सरकवत गेला, दुखलं की थांबत, फुंकर घालत. ती त्याच्याकडे बघत होती. काय चाललंय ते तिला कळत नव्हतं, आणि त्या एका गोष्टीसाठी त्यानं देवाचे आभार मानले. उतरलेला चुडा त्यानं आपल्या धोतराच्या सोग्यात बांधला. बाहेर आला तेव्हा बादलनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं नाही.

सुरुवातीचे दिवस बरे गेले. दंडाची जखम भरली. संगीता तिच्याशी बोलायची, केस विंचरायची, ताटात पोळीऐवजी भाकर वाढायला लावायची. धावजी आठवड्याच्या आठवड्याला जायचा, आणि कधी सांगून गेला नाही. हे तो बेबीताईंकडून शिकला होता. गेल्यावर लगेच भांडायला उठायचं नाही, हे सदाशिवरावांकडून.

संक्रांतीनंतर संगीता नवऱ्याबरोबर पुण्याला कामाला निघून गेली. मॅडमनी तिच्या जागी दुसरी बाई घेतली, पण तिला गोरबोली येत नव्हती. मानीबाईचं बोलणं कमी झालं. जेवण कमी झालं. एकदा धावजी गेला तर ती ओल्या कपड्यात बसलेली, आणि दुपार टळून गेलेली. त्या दिवशी तो भांडला. नव्या बाईनं मान खाली घालून कपडे बदलले. पुढच्या खेपेला गेला तर मानीबाईच्या केसांना तेल लावलेलं, आणि प्रेरणा तिच्याजवळ बसून मोडक्यातोडक्या गोरबोलीत तिला घास खा म्हणत होती. तेवढे शब्द धावजीकडूनच तिनं मागून घेतले होते.

बोरीच्या बाजारात बेबीताईंनी विचारलं, कशी आहे बाई? धावजीनं दोन्ही सांगितलं, ओल्या कपड्यांचंही आणि तेलाचंही. “मले तं एकच दिवस दिसला, भाऊ,” एवढंच म्हणून त्या निघून गेल्या.

होळीला त्यानं मानीबाईला तांड्यावर आणलं. घरी आणून ठेवावं, जमतं तसं करावं, असं त्याच्या मनात भरलं होतं. बाया लेंगी म्हणत होत्या. मानीबाई या गाण्यांत सगळ्यांच्या पुढे असायची. या वेळी डफ वाजला तशी ती घाबरली, धावजीला चिकटली आणि रडायला लागली. घरात शिरली तर तिला घर ओळखेना. स्वतः सारवलेल्या भिंतीवरून हात फिरवत ती दार शोधत राहिली. तिला परत जायचं होतं. कुठं, ते सांगता येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी जीप केंद्राच्या फाटकात वळली तेव्हा ती शांत झाली. ते पाहून धावजीचा धीर सुटला. इतके दिवस त्यानं घर तिच्यासाठी राखून ठेवलं होतं.

उन्हाळ्यात कापसाच्या पऱ्हाट्या उपटून झाल्यावर तो असाच एकदा गेला. मानीबाई व्हरांड्यात बसली होती, अंगानं निम्मी झालेली. त्याला येताना पाहून तिनं पदर पुढे ओढून तोंड झाकलं, परक्या वडीलधाऱ्या पुरुषासमोर झाकतात तसं. आता तो भाऊही राहिला नव्हता. धावजी जवळच्या बाकावर टेकला, अंतर ठेवून.

जेवणाची वेळ होती. नव्या बाईनं तिच्यापुढं ताट ठेवलं. मानीबाईनं घास घेतला नाही. पदराआडून ती गोरबोलीत काही बोलली. बाईला कळलं नाही म्हणून तिनं धावजीकडे पाहिलं.

“काय म्हणते?”

धावजीनं सांगितलं, “म्हणते, म्हातारा दुरून आला दिसते. आधी त्याले वाढा.”

बाईनं आतून दुसरं ताट आणलं. धावजीला भूक नव्हती. तरी तो खाली मांडी घालून बसला आणि जेवू लागला. त्यानं दुसरा घास तोंडात घातल्यावर मानीबाईनंही आपल्या ताटातली भाकर मोडली.