भिंतीवरचे एक्केचाळीस कागद

शाळेत सगळे त्यांना मावशीच म्हणत. पहिलीतलं पोरही मावशी म्हणे आणि निवृत्तीला टेकलेले हेडसरही. बावीस वर्षं तीन मजले झाडून-पुसून मावशींचे गुडघे केव्हाच संपावर गेले होते. जिना चढताना कठड्याला धरून त्या दर वळणावर थांबत आणि कुणी विचारलंच तर "कोपरे बघतेय," म्हणत.

त्या गुरुवारी हेडसरांनी त्यांना बोलावून बजावलं, "मावशी, उद्या दहाला पाहुणे येणार आहेत. भिंतींवर एक डाग दिसता कामा नये."

शाळा सुटल्यावर मावशी वर गेल्या आणि मटकन पायरीवरच बसल्या. सकाळी कोऱ्या असलेल्या भिंतींवर जिकडेतिकडे तळहाताएवढे चौकोनी कागद चिकटवलेले होते. काळी-पांढरी, वेडीवाकडी नक्षी. जिन्यात, नळावर, दारांमागे. एक तर वाचनालयाच्या चौकटीवर, जिथे स्टुलाशिवाय हात पोचत नाही.

"मेल्यांनो, डिंक काय फुकट मिळतो का रे?" रिकाम्या जिन्याला त्यांनी विचारलं आणि गरम पाण्याची बादली व स्टीलची पट्टी घेऊन खरवडायला बसल्या. एकेक कागद म्हणजे पाच-पाच मिनिटांची झटापट. एक्केचाळीस निघाले. सगळे रद्दीच्या पोत्यात कोंबून त्या घरी गेल्या, तेव्हा उजवा खांदा आपला आहे असं वाटत नव्हतं.

सकाळी मावशी आल्या तर चौथीच्या बाई जिन्यात उभ्या होत्या. तरुण पोरगी, पंधरा दिवस धड झोपलेली नाही हे डोळ्यांवरूनच कळत होतं.

"मावशी, इथले कागद?"

"काढले की."

"सगळे?"

"एकूण एक. हेडसर म्हणाले, डाग नको."

बाईंनी भिंतीला पाठ टेकली. "अहो, तोच तर आमचा कार्यक्रम होता!"

मग त्यांनी सांगितलं. महिनाभर खपून मुलांनी एक गोष्ट रचली होती. समुद्र वाट चुकतो आणि शाळेत शिरतो. प्रत्येकाने टॅबवर आपापला एक प्राणी बनवला होता. टॅबचा कॅमेरा कागदावर धरला की पडद्यावर तो प्राणी तिथेच, त्या पायरीवर किंवा नळावर, जिवंत असल्यासारखा हलू लागे. कागदच नाही तर समुद्रही नाही.

"मी परवाच्या मीटिंगमध्ये सांगितलं होतं सगळ्यांना," बाई म्हणाल्या.

"मला कोण बोलावतं मीटिंगला?"

मावशींनी निमूटपणे पोतं आणून ओतलं. नऊ कागद फाटले होते, ते बाई पुन्हा छापून आणायला धावल्या. बाकीचे कुठे लावायचे, हे मुलांना छान आठवत होतं, पण प्रत्येकाला वेगळं. कासवावरून दोघांची जुंपलीसुद्धा.

"थांबा रे," मावशी म्हणाल्या. "तो दारामागचा. हा नळावरचा, आणि हा चौकटीवरचा. माझा जीव काढलाय याने." पाच-पाच मिनिटं ज्याच्याशी कुस्ती खेळली, त्याचं तोंड कोण विसरतं? पुन्हा तीन मजले, पुन्हा तेच स्टूल. दहाला पाच मिनिटं असताना शेवटचा कागद लागला.

पाहुणे आले, वाहवा करून गेले. हेडसर "आमची टीम, आमची टीम" म्हणत राहिले. मावशी तेव्हा खालच्या मजल्यावर चहाचे कप विसळत होत्या.

दुपारी मावशी जिना पुसत असताना बाजूचा एक दात पडलेली एक मुलगी टॅब घेऊन आली. "मावशी, हा माझा ऑक्टोपस." पडद्यावर तिसऱ्या पायरीवर एक जांभळा प्राणी हात हलवत बसला होता.

"किती हात गं याला?"

"आठ!"

"उद्यापासून कामावर पाठव त्याला. आणि सरक, फरशी ओली आहे."

पोरगी हसत पळाली. मावशींनी कंबरेवर हात ठेवून त्या रिकाम्या पायरीकडे जरा वेळ पाहिलं आणि फडका पिळला.

निघताना चौथीच्या बाई फाटकापर्यंत आल्या. "मावशी, चुकलं माझं. तुम्हाला येऊन सांगायला हवं होतं."

असं काही ऐकायची मावशींना सवय नव्हती. "असू दे," त्या म्हणाल्या, आणि ते फारच कोरडं झालं असं वाटून, "झोपा आज लवकर," हेही म्हणाल्या.

घरी नवऱ्याने मलमाची डबी पुढे केली. "झाला का कार्यक्रम?"

"अहो, समुद्र आला होता शाळेत," मावशींनी खांदा चोळत सुरुवात केली. "कासव होतं, मासे होते, एक जांभळा..."

"मग?" नवऱ्याने विचारलं.

मावशी बसल्या जागीच झोपल्या होत्या. त्याने त्यांच्या हातातली डबी हळूच काढून घेतली आणि झाकण लावलं.