भीती कुठे वाटली

गेल्या पावसाळ्यापर्यंत माझ्या वहीत तीनशे अकरा भुताचे सिनेमे होते. वही लांबट, पुठ्ठ्याच्या बांधणीची. पानावर पाच रकाने आखलेले: क्रमांक आणि नाव, कुठे पाहिला, भूत खरं की माणसाचा डाव, भीती कुठे वाटली, शेरा. पहिल्या पानावर एकच नियम होता. स्वतःच्या डोळ्यांनी शेवटपर्यंत पाहिला असेल तरच नोंद करायची. लाइट गेल्यामुळे अर्धवट राहिलेले सिनेमे मागच्या पानावर वेगळे लिहिलेत. ते नऊ.

याद्या करण्यावरच माझी नोकरी आहे. लोणावळ्यात तुंगार्लीच्या बाजूला सुट्टीसाठी भाड्याने जाणारे चार बंगले माझ्याकडे असतात. चादरी, उशांचे अभ्रे, काचेचे ग्लास, किल्ल्या, सगळं मोजून ताब्यात घ्यायचं आणि मोजून द्यायचं. गिऱ्हाईक नसलं की खुर्च्या-सोफ्यांवर पांढऱ्या चादरी घालून ठेवायच्या. पावसाळ्यात व्हरांड्यातून धुकं आत येतं, त्या चादरींच्या मधून फिरतं आणि जिन्याखाली जाऊन बसतं. लोक विचारतात, अशा घरात एकटीला भीती वाटत नाही का? मी मोजत असते. मोजताना भीती वाटायला मन मोकळं राहत नाही. म्हणून तर भीतीसाठी मला सिनेमा लागतो.

तोही जुनाच. शक्यतो काळा-पांढरा. जुन्या सिनेमात दार उघडायला वेळ लागतो. कडी हलते, मग थांबते, मग कुणीतरी मेणबत्ती घेऊन लांबून येतं, वाऱ्याने पडदा फुगतो आणि तोवर आपण त्या घरात राहायला गेलेलो असतो. नव्या सिनेमातलं भूत फार घाईत असतं. आणि रक्त मला चालत नाही. चादरीवरचे डाग काढून काढून अशी सवय लागली आहे की पडद्यावर रक्त दिसलं की मला थंड पाणी आणि मीठ आठवतं. धुकं मात्र कितीही चालतं. स्टुडिओतलं धुकं मी लगेच ओळखते, ते जमिनीलगत सरपटतं. आमचं धुकं माणसाच्या उंचीने चालत येतं.

या आवडीत माझी भागीदार म्हणजे माझी थोरली जाऊ. त्यांनी मात्र त्या तीनशे अकरापैकी एकही सिनेमा पाहिलेला नाही.

लग्न होऊन मी सासरी कान्ह्याला आले त्या वर्षी शेजारच्या घरी बारशाला भाड्याने व्हिडिओ आणला होता. दुपारी पाळण्याचं उरकलं, पुरुष जेवून उठले आणि बायकांसाठी म्हणून कुणीतरी कॅसेट लावली. निघाली ती हवेलीची आणि तिच्यातल्या भुताची. बाळाची आजी "बंद करा रं ते अभद्र" म्हणत राहिली, पण जागचं कुणीच हलेना, आजीसुद्धा. जाऊबाई माझ्या शेजारी होत्या. ओळख महिन्याभराची, बोलणं मीठ-मसाल्यापुरतं. त्यांनी पदर तोंडावर ओढला, माझं मनगट घट्ट धरलं आणि पदराआडून विचारलं, "काय चाललंय गं?"

"म्हातारा कंदील घेऊन जिना चढतोय."

"आन् आता?"

"अजून चढतोय."

"भूत खरं हाय का मानूस हाय?"

"अजून कळलं नाही."

"आलं?"

"आलं."

मग अगदी बारीक आवाजात, "गेलं का?"

तेव्हापासून हीच रीत. आम्ही लोणावळ्याला राहायला गेलो, तरी माझ्या सुट्टीच्या बुधवारी मी सकाळच्या लोकलने कान्ह्याला जाते. जेवण झालं की जाऊबाई दार लोटून घेतात, मी सिनेमा लावते, त्या पदर ओढतात. मी बघते आणि सांगते. त्यांना फापटपसारा नको असतो. "दार. कोणी नाही. मांजर." एवढं पुरतं. एकदा मी म्हटलं, "जाऊबाई, बघायचंच नाही तर बसता कशाला?" तर म्हणाल्या, "आगं, बघितल्याव भ्या वाटतंय. तू सांगितल्याव ग्वाड वाटतंय."

आता डोळ्याचं सांगते. माझा उजवा डोळा लहानपणापासून आळशी आहे. दार कुठे आणि खिडकी कुठे एवढंच त्याला कळतं. सगळी भिस्त डाव्यावर. गेल्या पावसाळ्यात एका बंगल्यात मी पडदे मोजत होते आणि डाव्या बाजूने धुकं आत आल्यासारखं वाटलं. मी खिडकी लावली. धुकं राहिलं. मी काच पुसली, मग चष्मा पुसला. दुसऱ्या दिवशी ते थोडं आणखी आत आलं, तेव्हा मी कामाच्या वहीत लिहिलं, 'खिडकीची फट बुजवणे.' लोणावळ्यात जुलै महिन्यात डोळ्यापुढे पांढरट आलं तर माणूस दुसरं काय समजणार? तिसऱ्या दिवशी कडक ऊन पडलं आणि बाजारात भर उन्हात माझं धुकं माझ्याबरोबर चालत होतं.

पुण्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "डोळ्याच्या आतला पडदा सुटलाय. तीन दिवस काय करत होतात?"

"धुकं आहे असं वाटलं."

त्यांनी लिहायचं थांबवून माझ्याकडे पाहिलं. "कुठून आलात?"

"लोणावळा."

"मग बरोबर," असं म्हणून त्यांनी दुसऱ्या दिवशीची शस्त्रक्रिया ठरवली. पडदा परत चिकटेल का? चिकटला तर किती दिसेल? त्या म्हणाल्या, आत्ता सांगता येणार नाही. डोळ्यात गॅसचा बुडबुडा भरणार, तो आतून पडदा दाबून धरणार, आणि त्यासाठी मी दहा दिवस तोंड खाली करून राहायचं. जेवताना, झोपताना, बसताना, सतत जमिनीकडे.

नवऱ्याची वराळ्याच्या कारखान्यात पाळी, लोणावळ्याचं घर तिसऱ्या मजल्यावर. जाऊबाईंनी कुणाला विचारलंच नाही. माझी पिशवी उचलली आणि म्हणाल्या, "कान्ह्याला."

पालथं झोपलं की नाक दबतं. उशीत दबतं, हातावर दबतं. जाऊबाईंनी पहिल्याच दिवशी त्यावर उपाय काढला. डोक्यावर हंडा घेताना खाली कापडाचं कडं ठेवतात ती चुंबळ, तशी एक मोठी, मऊ लुगड्याची वळली आणि पलंगाच्या कडेपुढे दोन स्टुलांच्या मधे अडकवली. तिच्यात कपाळ आणि गाल टेकले की नाक मोकळं. दहा दिवस मी त्या चुंबळीतून खालच्या शहाबादी फरशीकडे तोंड करून होते. उजव्या डोळ्याला फरशी म्हणजे नुसता राखाडी डाग. डाव्या डोळ्यात पाणी हलत होतं, आणि पाण्यापलीकडे उजेड. खिडकीला त्यांनी आपली हिरवी साडी लावली होती, म्हणून उजेडही हिरवा. विहिरीच्या तळाशी पडून वर चाललेलं बोलणं ऐकावं तसे दिवस गेले. भांड्यांचा आवाज, कोंबडी, दूर जाणारी मालगाडी. दर दोन तासांनी जाऊबाई मला उठवत, मान मागे करायला लावत आणि थेंब घालत. त्यांचा हात थंड असे.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी एकदम म्हटलं, "जाऊबाई, नाहीच दिसलं तर?"

धान्य निवडायचं ताट खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "आज बुदवार हाय."

"हो."

"मग लाव की तुजी भुताटकी."

"लावून काय करू? बघणार कोण?"

"बगते मी," त्या म्हणाल्या. "पर तू हात दे."

पाहायच्या यादीत एक जुना परदेशी सिनेमा बऱ्याच दिवसांपासून होता. समुद्राकाठचं घर, मेलेल्या बाईची सावली, एवढंच ऐकून होते. नवऱ्याने टीव्हीला इंटरनेट जोडून दिलं होतं. मी सांगत गेले तशी त्यांनी बटणं दाबली. पलंगावरून माझा हात खाली लोंबत होता. जमिनीवर बसून त्यांनी तो धरला.

"काय दिसतंय?"

"घर हाय. लय मोठं. आन् मेनबत्त्या बघ, पन्नास तरी असत्याल. हिच्या घरात कामाला एकच बाई. एवढं मेन खरवडायचं कोनी?"

"जाऊबाई, गोष्ट सांगा."

"गोष्टच सांगतेय. नवरा-बायको हायत. नवरा चांगला न्हाई."

"काय केलं त्याने?"

"केलं काय न्हाई. उभा कसा ऱ्हातो बघ की. मला कळतंय."

मी ज्या गोष्टी कधीच सांगितल्या नसत्या त्या सगळ्या त्या सांगत होत्या. बाईच्या झग्याची शिवण उसवली आहे. चुलीपाशी कुणी नाही, तरी धूर आहे. कुत्रं उपाशी आहे. मला त्यांच्या शब्दांतून एक घर दिसायला लागलं, मेणाच्या डागांनी भरलेलं, कुणीही नीट न झाडलेलं. बाहेर समुद्र होता, पण मला तो पवनेच्या धरणासारखा दिसत होता. माझं माहेर पवनानगरचं, मोठं पाणी म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे तेच येतं.

मग त्या थांबल्या. वाजणारं संगीतही थांबलं. माझ्या मनगटावर त्यांची बोटं रुतली.

"आलं?" मी विचारलं.

त्यांनी माझा हात जवळ ओढला.

"जाऊबाई, पदर घेतलात ना तोंडावर?"

"न्हाई." त्या म्हणाल्या. "बगतेय."

"काय आहे?"

"बाई हाय. दारात उबी हाय. काय करत न्हाई, नुसती उबी हाय." त्यांनी श्वास घेतला. "कवाधरनं उबी हाय कुनाला ठाव. घरात एवढ्या खुर्च्या, पर तिला कोनी बस म्हनलं न्हाई."

त्या दुपारी चुंबळीत तोंड खुपसून, हिरव्या उजेडात, मी ती बाई पाहिली. आजवर पाहिलेल्या सगळ्या भुतांपेक्षा ती जास्त स्पष्ट होती. साडीच्या जागी तिला ओला झगा होता आणि ती दमली होती.

"गेलं का?" मी विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा मी हे विचारत होते.

"थांब जरा," जाऊबाई म्हणाल्या. "जाईल."

सिनेमा संपल्यावर त्यांनी विचारलं, वहीत लिहायचं ना? मी नियम सांगितला. मी पाहिलेला नाही, नोंद होणार नाही. "मी बघितला की," त्या म्हणाल्या. पिशवीतून वही काढल्याचा आवाज आला, पेन्सिलीचाही. चौथीपर्यंतची शाळा, एकेक अक्षर कोरल्यासारखं. खूप वेळ लागला. काय लिहिलं ते त्यांनी वाचून दाखवलं नाही आणि मीही विचारलं नाही.

दहाव्या दिवशी मान वर केली तेव्हा सगळं पाण्याखाली होतं. पण नंतरच्या आठवड्यांत वरच्या कडेला एक स्वच्छ पट्टी दिसू लागली आणि तिच्याखाली हलणारी पाण्याची रेघ. बुडबुडा विरत होता तसतशी ती रेघ रोज थोडी खाली उतरत होती. उन्हाळ्यात धरणाचं पाणी असंच उतरतं. आधी टेकाडाचा माथा, मग बांध, मग जुन्या घरांची जोती. मी रोज सकाळी भिंतीकडे बघून अंदाजाने एका कागदावर लिहायचे: आज कॅलेंडर. आज खुंटी. आज कपाटाची कडी. ज्या दिवशी जाऊबाईंचं कपाळ पाण्याच्या वर आलं त्या दिवशी मी काही लिहिलं नाही. त्यांचे डोळे वर यायला आणखी तीन दिवस लागले. त्या माझ्याकडेच बघत बसल्या होत्या, ताट मांडीवर घेऊन.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पडदा चिकटला आहे. थोडा दोष राहील. सरळ रेघा मधे किंचित वाकलेल्या दिसतील. वाकणं वाढलं तर एक दिवसही थांबायचं नाही. "आणि धुकं समजायचं नाही," त्या हसून म्हणाल्या.

नव्या चष्म्याने पहिली वाचली ती वही. तीनशे बारा. कुठे पाहिला: 'कान्हे, घरी.' भूत खरं की माणसाचा डाव: 'भूत खरं. पण वाईट नवरा होता.' शेरा: 'मेण फार.' चौथ्या रकान्यात, भीती कुठे वाटली, तिथे लिहिलं होतं: 'तुझ्या डोळ्यात थेंब घालताना. रोज.'

मी पहिल्या पानावरचा नियम खोडला. तो सिनेमा मी अजून पाहिलेला नाही आणि पाहणारही नाही. आता पुन्हा बुधवारी मी बघते आणि जाऊबाई पदराआड बसतात. एकदा पाहिला तेवढा बास, म्हणतात.

बंगल्यांचं काम चालू आहे. धुकं आलं की मी उजवा डोळा झाकते आणि डाव्याने दाराची चौकट बघते. ती मधे जराशी वाकलेली असते, कालइतकीच. मग ते धुकं खरं. मग मी मोजायला लागते. गेल्या आठवड्यात दिवाणखान्यातल्या खुर्च्यांवर चादरी घालताना दारापाशी ते माणसाच्या उंचीचं पांढरं उभं होतं, आत येत नव्हतं आणि जातही नव्हतं. मी एक खुर्ची उघडीच ठेवून दाराजवळ सरकवली आणि यादीत लिहिलं: खुर्च्या सहा, झाकलेल्या पाच.