बोकडानं तोंड उघडेपर्यंत

आमच्या एलुथुलिनी वस्तीत पोराचं वय विचारलं तर आई साल सांगत नाही. "हिरव्यातला हाय," म्हणते. म्हणजे मामतोलोच्या बालवाडीच्या भिंती हिरव्या होत्या तेव्हाचा. माझं लग्न पिवळ्यातलं. बायको रुसून भावाकडं गेली ती जांभळ्यात, आणि परत आली केशरीत.

दर जुलैत, म्हणजे आमच्याकडच्या ऐन थंडीत, थोरल्या पुढाऱ्याच्या वाढदिवशी आख्ख्या देशानं तासाभराहून जरा जास्त वेळ चांगलं वागायचं, असा रिवाज पडलाय. त्या दिवशी शहरातल्या कंपन्यांची माणसं बस भरून येतात. अंगात एकसारखे बनियन, हातात ब्रश. एका वर्षी सिमेंटवाले, एका वर्षी मोबाईलवाले, मग कोंबड्या विकणारे. जो येतो तो बालवाडी आपल्या कंपनीच्या रंगात रंगवतो, पोरांना कडेवर घेऊन फोटो काढतो आणि जातो. रंगावर रंग बसून भिंती आतल्या अंगाला सुजल्या. विजेचं बटण भोकात बोट घालून दाबावं लागतं. खिडकी पिवळ्यातच चिकटली ती आजतागायत उघडलेली नाही. दार चौकटीत मावेना, म्हणून संध्याकाळी त्याला बाहेरून धोंडा लावतात. माझं किराणाचं दुकान अगदी समोर, त्यामुळं हे सगळं मी बसल्या जागी बघत आलोय.

मामतोलोचं खरं नाव नोझुको. पण लग्न झालेल्या बाईला आमच्यात माहेरच्या कुळानं हाक मारतात. ही तोलोंची लेक. बुटकी, रुंद, आवाज फाटक्या पत्र्यासारखा. तरणेपणी बंदराच्या शहरात लोकांच्या घरी राहून तिनं त्यांची पोरं वाढवली. त्यातला एक पुढं वकील झाला आणि रस्त्यात भेटला तर ओळख दाखवीना. मामतोलोला त्याचं वाईट वाटलं नाही. म्हणाली, "तोंडावरनं मी तरी कुठं वळाकलं असतं? माझी वळख सगळी खालच्या बाजूची."

नवरा सोन्याच्या खाणीवर गेला आणि तिकडंच दुसरी चूल मांडून बसला. ही वस्तीत परतली. एका सकाळी शेजारणीनं "जरा बघ गं," म्हणून लेकरू सोडलं ते संध्याकाळीच न्यायला आली. दुसऱ्या दिवशी शेजारणीची बहीण आपलं घेऊन आली. बालवाडी झाली ती अशी. कुणी काढली नाही, कुणी थांबवली नाही.

सगळं होतं, संडास तेवढा नव्हता. म्हणजे होता. मागच्या अंगाला खड्डा, त्यावर दोन फळ्या, भोवती पत्रा. मोठ्या माणसाला जपून बसावं लागे, मग पोरांची काय कथा. म्हणून मामतोलो प्रत्येक पोराला स्वतः नेई. पोर फळ्यांवर बसे, ही समोर उभी राहून त्याचे दोन्ही हात घट्ट धरी, आणि काम होईस्तोवर आभाळाकडं बघत राही. एक सुटलं की दुसरं. वर्गात ती कमी आणि खड्ड्यापाशी जास्त. पोरांना गाणी शिकवायची तीही तिथंच. आमच्या वस्तीतल्या पोरांना अजून काही गाणी उभं राहून म्हणता येत नाहीत.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी सरकारी बाई तपासणीला आली. खड्डा बघितला, नाकाला रुमाल लावला आणि म्हणाली, "नाताळापर्यंत धड संडास झाला नाही, तर कुलूप लावीन." ती वाईट नव्हती. शेजारच्या वस्तीत असल्याच खड्ड्यात पोर पडलं होतं. कुलूप लागलं की पोरं रस्त्यावर आणि त्यांच्या आया कामावरनं घरी, हे तिलाही कळत होतं. पण कुलूप तिच्या पर्समध्येच होतं, ते तिनं काढून दाखवलं.

मामतोलो गेली दोन वर्षं कंपन्यांकडं संडासच मागत होती. यंदा यायची होती ती विमा कंपनी, निळ्या रंगाची. याआधीही एकदा येऊन गेलेली. त्यांचा माणूस माखुसेली, आमच्यातलाच, डोंगरापलीकडच्या खेड्यातला. आता शहरात राहून टोकदार बूट घालायचा.

"मामा, आमचा पैसा शिक्षणासाठी असतो," तो तिला समजावी. मामा म्हणजे आमच्यात आई; मोठ्या बाईला तशीच हाक मारतात. "संडास आरोग्यात मोडतो."

"आन् रंग?"

"रंग वातावरणात. वातावरण शिक्षणात."

"पोरगं खड्ड्यात पडल्यावर त्याला कशात शिकिवणार?"

"मामा, खरं सांगू? संडासाचा फोटो चांगला येत नाही."

पण यंदा त्यानं फोनवर नवीनच काहीतरी काढलं. वरच्या लोकांना वाटत होतं, की उद्घाटन आपल्या लोकांच्या चालीरीतीनं व्हावं. बोकड वगैरे. मामतोलोनं ते ताता झ्वेलींना सांगितलं. ताता म्हणजे आमच्या वस्तीतले वडीलधारे. गुडघे गेलेत, पण जीभ शाबूत. त्यांनी फोन हातात घेतला.

"पोरा, बोकड शोभंला आणत्यात का?"

"नाही ताता, रीतीप्रमाणे."

"रीत म्हंजे काय ठाव हाय न्हवं? पूर्वजास्नी सांगायचं, ह्ये असं असं केलंय. भाल्याचं टोक लावायचं. बोकड वरडला म्हंजे त्यांनी ऐकलं. न्हाय वरडला, तर कुणाच्या तरी पोटात काय तरी हाय. मग ते भाईर येईस्तवर कुणी उठायचं न्हाय."

"माहीत आहे ताता. लहानपणी बघितलंय." त्याचा आवाज जरा बारीक झाला. "ओरडतोच की बोकड. नेहमी ओरडतो."

"तो त्याचा प्रश्न," म्हणून तातांनी फोन परत दिला.

तो दिवस उजाडला. बस आली. माणसं उतरली, निळे बनियन चढवले आणि दुपारपर्यंत कोंबड्यांची केशरी भिंत निळी करून टाकली. माखुसेलीची वरिष्ठ, फुरी बाई, विमानानं आली होती आणि संध्याकाळच्या विमानानं परत जाणार होती. उंच गोरी बाई, स्वभावानं बरी, सारखी घड्याळ बघणारी. कंपनीचं नाव छापलेली निळी रेशमी फीत दाराला बांधली. बोकड पांढरा, धष्टपुष्ट. तोही कंपनीनंच घेतला होता. त्याला कुठं बांधायचं हे कुणी ठरवलं नव्हतं, म्हणून दाराच्याच कडीला बांधला.

बालवाडीला गोठा कुठला? पूर्वजांशी बोलायचं तर गोठ्यातच बोलायचं असतं. पण मागं एका टायर कंपनीनं अंगणात अर्धे पुरून टायरचा गोल करून दिलेला होता. ताता म्हणाले, "चालतंय. वर्तुळ हाय न्हवं." म्हातारी मंडळी त्या गोलात पोरांच्या चिमुकल्या खुर्च्यांवर बसली. ताता बसले तेव्हा त्यांचे गुडघे कानाला लागले.

आधी फुरी बाईंचं भाषण झालं. भविष्य, स्वप्नं, एकत्र पावलं. आम्ही सगळे तिकडं तोंड करून उभे होतो. दाराकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

मग बोकड आणला. ताता उठले, म्हणजे दोघांनी त्यांना खुर्चीतनं उपसलं. त्यांनी एकेका कुळाचं नाव घेऊन पूर्वजांना हाका मारल्या आणि म्हणाले, "ऐका. ह्या माणसांनी ह्ये घर नवं केलंय." भाल्याचं टोक बोकडाच्या कुशीला लागलं.

बोकड गप्प. जबडा मिटलेला, डोळे वटारलेले.

परत हाका मारल्या. परत टोक लावलं. बोकडानं माझ्याकडं बघितलं, मग बाईकडं बघितलं, आणि गप्पच.

"बसा," ताता म्हणाले.

फुरी बाईनं माखुसेलीला विचारलं, "हा कार्यक्रमाचा भाग आहे का?"

"आता झालाय मॅडम," तो म्हणाला. थंडीतही त्याच्या कपाळावर घाम होता.

"कुणाच्या पोटात काय हाय ते बोला," ताता म्हणाले.

जरा वेळानं एक बाई उठली. "बालवाडीचं मोठं पातेलं माझ्याकडं हाय. नणंदंच्या लग्नापास्नं."

बोकड गप्प.

खालच्या गल्लीतला एक जण उठला. "मागल्या साली उरलेला रंग मी माझ्या घराला लावलाय."

"ते रं काय," त्याचा शेजारी म्हणाला, "आंधळ्याला बी दिसतंय."

बोकड गप्प. मग आणखी दोघांनी बायकांना न सांगितलेल्या गोष्टी सांगितल्या, त्या मी इथं लिहीत नाही. त्यातल्या एकाच्या घरी अजून जेवण वेगळं शिजतंय. तरी बोकड गप्प. चहा झाला, आमाग्वीन्या झाल्या, म्हणजे आमच्याकडचे तळलेले पिठाचे गोळे. फुरी बाईनं काळजीपोटी तीन कप चहा प्यायला.

तातांनी मान वळवली. "माखुसेली, म्या पूर्वजास्नी सांगितलं, घर नवं केलंय. तुझ्याच तोंडचं हाय. केलंय का?"

"रंग दिलाय ताता."

"मग मला खोटं का बोलाय लावलंस?"

माखुसेली उठला. टोकदार बूट धुळीत खुपसून उभा राहिला. "मामतोलोनं संडास मागितला होता. मागच्या खेपेला मागितला, ह्याही खेपेला मागितला. मी वर सांगितलंच न्हाय." शहरी बोली त्याच्या तोंडातनं गळून पडत होती. "मीटिंगमधी काचंचं टेबल असतंय ताता. समदी इंग्रजीत स्वप्नांवर बोलत असत्यात. त्यात संडास म्हणाया मला लाज वाटली."

"आता वाटती का?"

"जास्त वाटती."

त्यानं फुरी बाईला सगळं उलगडून सांगितलं. ती म्हणाली, "मला फार वाईट वाटतंय. पण यंदाचं ठरून गेलंय. असं बोकडासमोर मला काही कबूल करता येणार नाही."

"काय म्हणाली?" तातांनी विचारलं.

"न्हाय म्हणाली."

"बोकडानं बी ऐकलं," ताता म्हणाले आणि त्या इवल्या खुर्चीत आणखी खोल बसले. बसच्या ड्रायव्हरनं गाडीतनं पांघरूण काढलं.

मामतोलो ह्या सगळ्यात नव्हतीच. ती खड्ड्यापाशी पोरांचे हात धरून उभी होती. शेवटचं पोर आटपून ती गोलाकडं आली, तर फुरी बाई वाटेतच उभी. एका पायावरनं दुसऱ्या पायावर. तीन कप चहा.

"इथं जवळपास कुठं..." बाई म्हणाली.

मामतोलोनं पोरांची धरी तशीच तिची बोटं धरली आणि तिला मागच्या अंगाला नेलं. आम्ही सगळे तोंड फिरवून बसलो, पण कान काही फिरवता येत नाहीत. पत्रा करकरला. फळी करकरली. बाईच्या तोंडून "अरे देवा" असं काहीतरी निघालं.

मग मामतोलोचा फाटका आवाज. "भिऊ नगंस. खाली बघू नगंस. दे हात. दोन्ही दे."

फळी परत करकरली.

"मी धरलंय. व्हय व्हय, सोडत न्हाय. कर तू आपलं निवांत."

आणि सवयीनं तिनं गाणंही धरलं, बदकाचं. दुसऱ्या ओळीला बाईचा आवाज तिच्यात मिसळला असं माझी बायको म्हणते. मला काही तसं ऐकू आलं नाही.

दोघी परत आल्या तेव्हा फुरी बाईचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि मामतोलोचा हात तिनं सोडला नव्हता. तशीच ती टायरच्या गोलात आली आणि माखुसेलीला म्हणाली, "सांग त्यांना. संडास मिळेल. नाताळाच्या आत. कशात मोडतो ते मी बघते."

माखुसेलीनं सांगितलं. तातांनी भाला परत टेकवायला घेतला, पण त्याची गरज पडली नाही. बोकडानं मान ताणली, नरड्यातला गोळा खाली उतरला आणि असा बेंबटला की शेजारच्या गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. म्हातारे उठले, म्हणजे ज्यांना उठता आलं ते. बायकांनी किलकाऱ्या मारल्या. ड्रायव्हरनं पांघरुणाची घडी केली.

"आता फीत कापू या," म्हणून फुरी बाई दाराकडं गेली. फीत नव्हती. दोन्ही खिळ्यांना निळ्या चिंध्या तेवढ्या लोंबत होत्या. खूप शोधली. मग विमानाची वेळ झाली, म्हणून बाईनं हवेतच कात्री चालवली, आम्ही टाळ्या वाजवल्या आणि बस गेली.

फीत संध्याकाळी सापडली, बोकड कापला तेव्हा. कोठ्यात पाणी लागलेली लांबलचक गुंडाळी, कंपनीचं नाव अजून वाचता येत होतं. म्हणजे तो बिचारा दुपारभर फीत गिळत होता आणि म्हणून तोंड उघडत नव्हता.

मी तातांना म्हणालो, "ताता, ह्यो तर फीत खाऊन गप बसला हुता. पूर्वज कसलं?"

ताता काळजाचा तुकडा चघळत होते. "आन् फीत त्याला कुणी चारली?"

"त्यानंच खाल्ली."

"गवत सोडून? रेशीम?" त्यांनी दुसरा तुकडा घेतला. "दुकान सांभाळ तुझं."

मामतोलोनं फीत धुतली, वाळवली, आणि ठेवून दिली.

नाताळाच्या आधी संडास आला. विटांचा, बेताच्या उंचीच्या भांड्यांचा, कडीच्या दाराचा. दारापेक्षा कंपनीच्या नावाची पाटी मोठी. मामतोलोनं तीच फीत दारावर बांधली. उद्घाटनाला फुरी बाई यायची होती, पण तिची तारीख पुढं गेली, मग आणखी पुढं गेली. पोरांना तारखा कळत नाहीत. ती फितीखालनं वाकून जायला लागली. सरकारी बाई तपासणीला आली तीही फितीखालनंच वाकून आत गेली, बाहेर आली आणि कुलूप पर्समध्ये टाकून निघून गेली.

पहिले काही दिवस मामतोलो आत शिरून भांड्यासमोर हात पुढं करून उभी राहायची. मग एक जांभळ्यातली पोरगी तिला म्हणाली, "मामा, सरक की. मला दार लावायचंय." ती सरकली. तेव्हापासून ती वर्गात असते. वर्गात काय करायचं ते तिला अजून नीट सुचलेलं नाही, म्हणून पोरांवर ओरडते.

आता परत जुलै आला. परवा माखुसेलीचा फोन होता, मी तिच्याजवळच बसलो होतो. यंदा कंपनीला संडास रंगवायचाय, म्हणाला. आतनं बाहेरनं, पुढंही दर वर्षी.

"रंगवा," मामतोलो म्हणाली. "पर दाराला आन् चौकटीला ब्रश लावायचा न्हाय. ते दार बसाय पायजे."

तो पलीकडून काहीतरी वातावरणाबद्दल बोलायला लागला. तिनं ऐकून घेतलं.

"माखुसेली," ती म्हणाली, "बोकड बांधू का?"