ससुलीचं बंड

कारखान्यात तिला सगळ्या ससुली म्हणत. मशीनची सुई मोडली तरी दचकणारी बाई. मालक येणार एवढं ऐकून हातापायांना घाम फुटायचा. आणि अशा बाईला सुपरवायझरनं भर मजल्यावर सुनावलं, "बंडखोर आहेस तू!"

गुन्हा काय, तर मागच्या दाराला कुलूप का, एवढं तिनं विचारलं होतं. शर्ट चोरीला जातात म्हणून ते लावलेलं. खाली कापडाचे गठ्ठे, वर बाया, आणि उतरायला उघडा जिना एकच. आग लागली तर, हे डोक्यात शिरल्यापासून तिला एक टीप सरळ घालता येत नव्हती.

"उद्या सगळ्यांसमोर माफी माग, नाहीतर घरी बस."

घरी बसून कसं चालेल? नवरा आधीच घरी बसलेला. संध्याकाळी तिनं भीत भीत सासऱ्यांना विचारलं, "मामंजी, बंडखोर म्हणजे फार वाईट का हो?"

मामंजी निवृत्त मास्तर. शब्द मिळाला की जेवण विसरायचे. "त्यातलं खोर आलं फारसीतून. खोर म्हणजे खाणारा. लाच खातो तो लाचखोर. पुढं सवयीलाही लागलं, भांडखोर, तसं बंडखोर. पक्षानं तिकीट कापलं तरी उभा राहतो ना, त्यालाही तेच म्हणतात. पण गंमत बघ सूनबाई, हा शब्द नेहमी वरचा खालच्याला लावतो. मालक बंडखोर निघाला, असं ऐकलंयस कधी?"

"मला गंमत नको मामंजी, नोकरी हवीय," ती रडकुंडीला आली.

दुसऱ्या दिवशी सुपरवायझरसाहेबांनी सगळी मशीनं थांबवली. "माफ करा साहेब," ती म्हणाली. तेवढं बोलून गप्प बसायचं, असंच ठरवून आली होती. पण नजर त्या दाराकडे गेली. "पण ते दार उघडा."

"तुला भीती कशी ती नाहीच का गं?"

"भीतीच वाटते साहेब. म्हणून तर म्हणते."

बाया फिदीफिदी हसल्या. साहेबांचा पारा चढला. "हे बघ, कधीही उघडतं!" म्हणत त्यांनी किल्ल्यांचा जुडगा काढला. पहिली किल्ली लागेना. दुसरी लागेना. जुडगा संपला. पुन्हा पहिलीपासून सुरुवात झाली. आता कुणी हसत नव्हतं. त्या कुलपाची किल्ली कुणाकडे नव्हतीच, आणि ते कुणाला ठाऊकही नव्हतं.

साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. "हातोडा आणा कुणीतरी," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज ससुलीच्या वरताण कापत होता.