पाकमास्तरांची तर्जनी

पाकमास्तर हे काही त्यांचं खरं नाव नव्हतं, पण खऱ्या नावाने कोणी हाक मारली असती तर दुसऱ्या कोणाला बोलावतायत म्हणून ते स्वतःच मागे वळून बघत राहिले असते. घरामागच्या खोलीत त्यांची भट्टी होती. तिथे ते लिंबाच्या, संत्र्याच्या, पुदिन्याच्या कडक गोळ्या बनवत. पाक झाला की नाही हे ठरवायला त्यांना ना घड्याळ लागे ना थर्मामीटर. अंगठा आणि तर्जनी यांच्यात पाकाचा थेंब धरायचा, बोटं उघडमीट करून तार बघायची आणि डोळे किलकिले करून म्हणायचं, "अजून हट्टाला आलेला नाही." पाकाचा हट्ट म्हणजे काय, हे त्यांना एकट्यालाच ठाऊक.

अशा माणसाला मधुमेह झाला म्हटल्यावर गल्लीने आधी हसू दाबलं आणि मग हळहळ व्यक्त केली. डॉक्टरांनी औषध दिलं आणि सांगितलं, "आत्ताशी सुरुवात आहे, घाबरू नका. रोज सकाळी उपाशीपोटी घरी साखर तपासा आणि पंधरा दिवसांनी आकडे घेऊन या."

मशीन घरात आलं आणि मास्तरांचं तोंड उतरलं. उकळता पाक बोटाने चाचपणारा हा गडी सुईला मात्र जाम टरकायचा. सकाळी भट्टीवर पहिला पाक चढवून त्याची तार बघून झाली की बायकोची हाक यायची. मग मास्तर खांद्यावरच्या फडक्याला हात पुसत, पाय ओढत स्वयंपाकघरात यायचे आणि तोंड फिरवून उजवी तर्जनी पुढे करायचे. तीच का? तर इतक्या वर्षांचे चटके खाऊन तिथली कातडी निबर झाली होती, टोचलेलं फारसं कळत नसे. स्वतःचा जीव वाचवायचा म्हटलं की माणसाला बरोबर अक्कल सुचते.

"आधी साबणाने हात धुवा असं म्हणाले होते डॉक्टर," बायकोने पहिल्या दिवशी आठवण करून दिली.

"भट्टीपाशी जायच्या आधी कोपरापर्यंत हात धुतो मी. माझे हात कधी घाण असतात का?"

नसत, हे खरंच होतं. त्या बाबतीत मास्तर भलतेच काटेकोर होते. तिने विषय सोडून दिला.

आकडा मात्र रोज तीनशेच्या पुढे. भात बंद झाला, बटाटा बंद झाला, चहा बिनसाखरेचा झाला. मास्तर वाळून खराटा झाले, पण आकडा काही खाली यायचं नाव घेईना. मग घरात जे व्हायचं तेच झालं. बायकोने बरण्यांवर नजर ठेवायला सुरुवात केली.

"खरं सांगा. गोळ्या चघळता ना गुपचूप?"

"अगं, जिभेला लावलेली नाही एकही!"

"मग ही साखर काय हवेतून येते?"

आजारापेक्षा हेच त्यांना जास्त लागलं. इतक्या वर्षांच्या संसारात बायकोने आपल्याला चोर ठरवावं! त्यात मुलगाही तिच्याच बाजूने. तो गोळ्या पुड्यांत भरून दुकानांना पोचवायचा. तो म्हणाला, "बाबा, भट्टी बंद करू या. दुसरं काहीतरी विकू." मास्तरांनी ते साफ धुडकावून लावलं. भट्टी गेली तर आपण सकाळी उठायचं तरी कशाला, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

डॉक्टरांकडे जायच्या दिवशी सकाळी बायकोने निर्वाणीचं सांगितलं, "आज आकडा खाली नसला तर भट्टीला कुलूप. मग माझ्याशी वाद घालायचा नाही."

तिने नेहमीचं बोट धरलं, टोचलं, दाबून दाबून थेंब काढला. तीनशे चाळीस. मुलाने कपाळावर हात मारला.

"रोज टोचून घेऊन बघ, म्हणजे कळेल," मास्तर वैतागून म्हणाले.

"त्यात काय एवढं!" तिने नवी सुई लावली आणि सगळ्यांदेखत आपल्याच बोटात टोचली. पट्टी लावली. मशीनने टुक् केलं. दोनशे सत्त्याऐंशी.

बायको हळूच स्टुलावर बसली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"भट्टी विझव," मास्तर मुलाला म्हणाले.

"बाबा, पाक चढलाय..."

"ओतून दे! या घरात साखरेचा कण ठेवू नकोस. सगळं माझ्यामुळे झालंय." त्यांचा आवाज चिरकला. मुलगा धावत जाऊन भट्टी बंद करून आला.

बायकोला रडू फुटलं. डोळे पुसायला गेली तर बोटं गालाला चिकटली, म्हणून तिने साबणाने हातही धुतले आणि तोंडही. परत येऊन म्हणाली, "पुन्हा एकदा बघते. माझा विश्वास बसत नाही." दुसरं बोट टोचलं. ब्याण्णव.

तिने मशीनकडे पाहिलं, मग आपल्या हाताकडे, मग मास्तरांच्या तर्जनीकडे. पुढे होऊन तिने त्यांच्या बोटावर सरळ जीभ टेकवली.

"काय करतेस, मुलगा बघतोय!"

"गोड आहे!" ती ओरडली. "अहो, बोटावर पाक आहे! तुमचा पाक रोज मोजतोय आपण! हात धुवा आधी!"

"साखर म्हणजे काय घाण आहे का?" असं पुटपुटत का होईना, मास्तरांनी हात धुतले. या खेपेला डाव्या हाताची करंगळी पुढे केली, तीसुद्धा कण्हत. एकशे अठ्ठेचाळीस. जास्तच होती. औषध सुटणार नव्हतं की सुई, पण माणूस चोर नव्हता हे सिद्ध झालं. मुलगा हसता हसता खाली बसला. मास्तर ताठ मानेने उभे राहिले, आता माफी मागा म्हणून.

बायकोने माफी मागितली नाही. ती उठली आणि मागच्या खोलीत गेली. मास्तर तिच्यामागोमाग. कढईतला पाक निवत चालला होता.

"तू कुलूप घालणार होतीस ना?" त्यांनी भीत भीत विचारलं.

"इतके दिवस डोकं फोडलं तुमच्यापुढे, ऐकलंत का? आणि माझा एक आकडा बघितला तर पाकसुद्धा ओतून द्यायला निघालात." पदराने नाक पुसून तिने काडी ओढली आणि आपल्या हाताने भट्टी पेटवली.