आप्पा शिवगणांची सरळ हिरवळ

निवृत्त भूमापक आप्पा शिवगण यांना अंगणातली हरळी वाकडीतिकडी वाढते, याचे फार दुःख होई. अखेर १९८६च्या मे महिन्यात त्यांनी ती समूळ उपटली आणि मुलाने मुंबईहून आणलेले प्लॅस्टिकचे गवत दोरी धरून अंथरले. शेजारची सोनूबाई दर चतुर्थीला हरळी खुडायला येई आणि बोलणी खाई. तीही कटकट मिटली.

भाद्रपदात गणपती पाटावर बसला. भटजींनी विचारले, "आप्पा, दूर्वा?"

आप्पांनी अंगणाकडे पाहिले आणि सोनूबाईचे कुंपण गाठले.

"सोनूबाई, एकवीस दूर्वा मिळतील का?"

"घ्या की! तुमी फेकलेलीच लावलीय मी. पण सरळ ओळीत नाय हां आलेली. चालंल?"

"गणपतीला चालते," आप्पा म्हणाले आणि जुडी हाती येताच सवयीने तिची टोके सारखी करू लागले.