दोराला एक हिसका

मत्स्यालयातले पाणबुडेकाका दर मंगळवारी कमरेला बांधलेली हवेची नळी तोंडात धरून मोठ्या टाकीत उतरतात आणि आतून काच पुसतात. टाकीतला खडक सिमेंटचा. त्याला रंग काकांनीच दिलाय, आणि "हे पोवळं असेल तर मी राजा," असं तेच सगळ्यांना ऐकवतात.

तरुणपणी ते खऱ्या प्रवाळावर नारंगी, पांढऱ्या पट्ट्यांचे मासे धरायचे. हा मासा समुद्रफूल नावाच्या, फुलासारख्या दिसणाऱ्या प्राण्याच्या विषारी बोटांत घर करतो. तिथून वीतभर लांब गेला तरी जीव मुठीत धरून परत पळतो. वर होडीत काकांची बायको दोर धरून बसायची. दोराला एक हिसका म्हणजे 'मी ठीक आहे'.

"हिसका विसरलात तर मी उडी मारेन," ती दटावायची, "आणि मला पोहता येत नाही, लक्षात ठेवा!"

काका कधीच विसरले नाहीत. ती जाऊन आता तीन वर्षं झाली.

परवा टाकीतल्या याच माशांच्या जोडीतली मादी मेली. आज काका खाली गेले, तर उरलेला मासा फुलाच्या कडेपर्यंत यायचा, थबकायचा आणि पुन्हा आत शिरायचा. काका काच पुसायचं सोडून बघतच राहिले. मग सवयीने त्यांनी नळीला एक हिसका दिला.

वर हवेच्या पंपाशी बसलेली बाई घाबरली. तिने त्यांना ओढून वर काढलं. "काका, काय झालं?"

"काही नाही गं," तोंडावरचं पाणी निपटत काका म्हणाले. "कुणी उडी मारू नये, म्हणून कळवलं."